पडकं फळ आधी उचला, सापळा मग टांगा

कसमादे पट्ट्यात (नाशिकमधले कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आंबे बहाराचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेलं डाळिंब रंगावर आलंय, पेरूही पिकतोय आणि आभाळ उघडायचं नाव घेत नाही. रस शोषणारा पतंग आणि फळमाशी, दोघांनाही अशीच हवा मानवते आणि दोघंही वासाच्या मागावर येतात. म्हणून आज अंधार पडायच्या आत झाडाखालची पडकी, तडकलेली, कुजकी फळं वेचा.

दर हंगामात हेच दिसतं. सापळे टांगलेले असतात आणि खाली फळांचा सडा पडलेला. अख्ख्या बागेतून आंबूस वास सुटला असताना बाटलीतल्या आमिषाकडे पतंग येईलच कशाला? फळमाशीचं तर त्याहून वाईट. पडक्या पेरूतली अळी मातीत उतरते, कोषात जाते आणि आठ-दहा दिवसांत नवी माशी होऊन वर येते. वेचलेलं फळ बांधावर, नाल्यात, उकिरड्यावर टाकू नका, तिथूनही वास येतोच. दोन फूट खोल खड्ड्यात पुरा आणि वर माती दाबा.

वेचणी झाली की आमिष. पतंगासाठी शिफारशीतलं प्रमाण असं: 2 लिटर पाणी, 200 ग्रॅम गूळ, 20 मिली मॅलाथिऑन हे कीटकनाशक (50 टक्के प्रवाही). थोडं व्हिनेगर घाला, मधमाश्या कमी येतात. दहा झाडांमागे एक बाटली, दिवस मावळताना टांगा, सकाळी काढा. हे विष आहे, पोरं-जनावरं लांब ठेवा. झाडावर फवारू नका. माझा अंदाज असा की पिकलेल्या फळाचा रस घालून एक दिवस आंबवलेल्या गूळपाण्यावर पतंग जास्त येतो.

पेरूत फळमाशीसाठी मिथाईल युजेनॉलचे (नर माशीला ओढणारं गंधद्रव्य) सापळे, एकरी 4-5. त्यात फक्त नर सापडतात, मादी फळात अंडी घालतच राहते. म्हणून सापळा भरला म्हणजे माशी संपली असं धरू नका. आठवड्याला माश्या मोजा, आकडा चढला की वेचणी रोज करा. माशी आली का एवढंच बघायचं असेल तर चुरगळलेली तुळशीची पानं बाटलीत टाकूनही कळतं.

बाकीची कामं:
- बांधावरची गुळवेल, वासनवेल काढा. पतंगाच्या अळ्या त्यांवरच वाढतात
- फळांना पिशव्या
- रात्री आठनंतर बॅटरी घेऊन फेरी, दिसेल तो पतंग मारा
- झाडाखालची माती हलकी चाळा

पतंगावर महागडी फवारणी दुकानदार गळ्यात मारील, घेऊ नका. तो रात्री बाहेरून येतो, फळात सोंड खुपसून रस पितो आणि उजाडायच्या आत निघून जातो. औषध त्याला लागतच नाही. तेच पैसे वेचणीच्या मजुरीला लावा. तोडणी चालू असेपर्यंत रोज, एरवी दिवसाआड. शेजारच्या बागवाल्यालाही आजच सांगा, त्याच्या पडक्या फळांवरची माशी बांध ओलांडून तुमच्याकडेच येणार आहे.