जुन्या हेडफोनचा आवाज दबका वाटतो? या चुका टाळा

माळ्यावरून किंवा जुन्या बाजारातून आणलेला सत्तरच्या दशकातला हेडफोन फोनला जोडायचा, दोन गाणी ऐकायची आणि ‘यात बासच नाही’ म्हणून बाजूला ठेवायचा, असं फार वेळा होतं. हा त्या हेडफोनवर अन्याय आहे. दोष बहुतेक वेळा जोडणीत नाहीतर कानावर बसणाऱ्या विटलेल्या गाद्यांत असतो.

थेट फोनला जोडणं

हेडफोन विजेला किती अडवतो ते ओहममध्ये मोजतात; ओहम जास्त तर व्होल्टेजही जास्त लागतं. एकेजी कंपनीचा के२४० सेक्स्टेट ६०० ओहमचा. सेनहायझरचा एचडी ४१४ हा १९६८ साली आला, तेव्हा २००० ओहमचा होता. त्या काळचे अ‍ॅम्प्लिफायर भरपूर व्होल्टेज देत, त्यामुळे अडत नसे. आजच्या फोनच्या डोंगलमधून, म्हणजे हेडफोन जोडायच्या छोट्या अडॅप्टरमधून, साधारण १ व्होल्ट मिळतो. तेवढ्यात ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॅट मिळतात, सेक्स्टेटला मात्र दोनसुद्धा मिळत नाहीत. एचडी ४१४ तेवढ्यावरही बऱ्यापैकी वाजतो, कारण तो कमी शक्तीत जास्त आवाज देतो. सेक्स्टेटला वेगळा हेडफोन अ‍ॅम्प हवाच.

उलटी चूकही होते. जुन्या रिसीव्हरमध्ये (रेडिओ आणि स्पीकर चालवणारं यंत्र एकत्र) हेडफोनचा जॅक बऱ्याचदा स्पीकरच्याच लाइनवर काहीशे ओहमचा रेझिस्टर टाकून काढलेला असतो. तिथे आजचा ३२ ओहमचा हेडफोन लावला तर बास फुगून ढिला होऊ शकतो. मग लोक म्हणतात, ‘जुन्या मशीनचा आवाज किती उबदार!’ ती ऊब त्या रेझिस्टरची.

गाद्या न बघता निकाल देणं

मला विचाराल तर तपासणी इथूनच सुरू करावी. पॉलियुरेथेनचा फोम आणि नकली चामडं दमट हवेत आपोआप विरतं. मुंबई-कोकणात तर कपाटात न वापरता ठेवलेल्या गाद्यासुद्धा चिकट होतात, त्यांचे पापुद्रे सुटतात. बंद पाठीच्या, म्हणजे कप बाहेरून बंद असलेल्या हेडफोनमध्ये गादी कानाभोवती नीट बसली नाही की सगळ्यात आधी बास निसटतो. दोन्ही तळहातांनी कप हलकेच दाबून बघा. डग्ग्याचा घुमारा एकदम भरला तर ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर) ठीक आहे, गादी गेली आहे.

नवी गादी घेताना मूळची जाडी आणि कापड सांभाळा. चामड्याच्या जागी मखमली गादी लावली की बास सहसा उतरतो. ड्रायव्हर कानापासून जवळ-लांब झाला तरी आवाज बदलतो. ड्रायव्हरसमोरचा पातळ फोमही तपासा. त्याचा भुगा पडद्यावर पडला की खरखर होते. तो काढायला व्हॅक्यूम क्लीनर कधीही लावू नका, पातळ पडदा ओढला जाऊन कायमचा वाकतो. ड्रायव्हर खाली तोंड करून धरा आणि मऊ ब्रशने झटका.

वायर बदलताना एका बाजूचं टोक उलटं लावणं

कोणीतरी आधी सोल्डर केलेल्या हेडफोनमध्ये हे हमखास सापडतं. मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारं रेकॉर्डिंग लावा. गळा डोक्याच्या मधोमध ऐकू यायला हवा. तो दोन्हीकडे पसरून पोकळ लागत असेल आणि बास गायब असेल, तर एका कपाची दोन टोकं अदलाबदल करा. एकच बाजू मंद असेल तर आधी पिन आणि जॅक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

आवाजाची पातळी न जुळवता तुलना करणं

थोडा मोठा वाजणारा हेडफोन कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. आवाज वाढला की बास आणि वरचे सूर कानाला जास्त भरीव लागतात, हे १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं आहे. दोन्हीकडे गायकाचा गळा एकाच पातळीवर आणा आणि मगच मत द्या.

आजच्या ब्लूटूथ हेडफोनच्या आत एक चिप आवाज सतत दुरुस्त करत असते, हेही धरून चला. जुन्यालाही इक्वलायझरने थोडी मदत करायला हरकत नाही. फक्त उघड्या पाठीच्या हेडफोनचा खोल बास फार चढवू नका, आवाज फाटतो.

एवढं सगळं केल्यावर उरतो तो खरा फरक. खोल बासात आणि बाहेरचा गोंगाट रोखण्यात आजचे चांगले हेडफोन निर्विवाद पुढे आहेत. तानपुऱ्याची जवारी आणि गायकाचा श्वास मात्र नीट चालवलेल्या सेक्स्टेटवर आजही तितकेच जिवंत लागतात. आणि जुन्यात खरोखर पोचलेला बास हवा असेल तर यामाहाचा १९७६ चा एचपी-१ शोधा, पण गाद्या बघून घ्या.