आईबद्दल लिहून ठेवायचं असेल तर

आई गेल्यावर तिच्याविषयी लिहायला बसले, तर ‘प्रेमळ, कष्टाळू, सगळ्यांचं करणारी’ यापुढे पेन सरकेना. त्यात खोटं काहीच नव्हतं, पण ते कुणाच्याही आईबद्दल म्हणता आलं असतं. मग विशेषणं सोडली आणि ती काय काय करायची तेवढंच लिहायला घेतलं. रात्री कडी लावल्यावर ती दोनदा चाचपायची. गोष्ट सांगताना शेवटचं वाक्य अर्धं सोडायची, नातवंडांनी पुरं करावं म्हणून. तुम्हीही इथूनच सुरुवात करा.

पण त्याआधी एक काम आजच उरका. तिचा आवाज वाचवा. बॅकअप नसेल आणि फोन हरवला, बिघडला की व्हॉइस मेसेज गेलेच समजा. व्हॉट्सअ‍ॅपमधून एकेक मेसेज शेअर करून संगणकावर उतरवा, फाइलच्या नावात तारीख घाला. माझ्याकडे एक अगदी छोटा मेसेज आहे. “पोचलीस का? पोचल्यावर कळव. बरं, ठेवते.” त्यापुढे दोन सेकंद नुसता तिचा श्वास. बटण सोडायचं राहून गेलं असावं. ते दोन सेकंद मी कापले नाहीत. तुम्हीही असलं काही कापू नका.

मग माणसांकडे जा, वयाने सगळ्यात मोठं असेल त्यांच्याकडे आधी. “आई कशी होती?” असं विचारलंत तर “देवमाणूस होती हो” एवढंच मिळेल. त्यापेक्षा हातात जुना फोटो द्या आणि विचारा, हा काढला कुणी, कडेवरचं मूल कोणाचं, त्या दिवशी काय होतं? ते बोलतील ते फोनवर रेकॉर्ड करा. त्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, फोनखाली घडी केलेला रुमाल ठेवा म्हणजे टेबलाचे आवाज येत नाहीत. सुरुवातीलाच कोण बोलतंय आणि तारीख काय ते बोलून घ्या. मामाने सांगितलं, आई लपून सायकल शिकली. मावशी म्हणते, मामानेच शिकवली. मी दोन्ही लिहिलं, ज्याचं त्याच्या नावासकट.

नातवंडांना वेगळं बसवून विचारा, आपल्यासमोर ती आपल्यालाच आवडेल ते बोलतात. माझा मुलगा म्हणाला, “आजी पत्त्यांत मुद्दाम कधी हरली नाही.” मला हे ठाऊकच नव्हतं. आणि तिचा रागही लिहा. मी नोकरी सोडली तेव्हा आई आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. ते वगळून लिहिलं असतं तर वाचताना ती मला ओळखू आली नसती.

फोटोंचं थोडक्यात: साधारण पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, पासपोर्ट आकाराचा १२०० ला. चिकट पानांच्या अल्बममधून ओढून काढू नका, फाटतो. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला. मी एकदा बॉलपेनने लिहिलं आणि अक्षरांचे वळ पुढे तिच्या गालावर उमटले. ते जात नाहीत. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर वेगळी चिठ्ठी जोडा. सगळ्याच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. भावाच्या घरी ठेवलेली हार्ड डिस्क चालेल.

लिहिण्यासाठी मात्र मी वहीच घेतली. उजव्या पानावर लिहायचं, डावं कोरं ठेवायचं, आणि वही घरात सगळ्यांच्या हाताला लागेल अशी ठेवायची. परवा उघडली तर कडीच्या मजकुरासमोर डाव्या पानावर मुलीचं अक्षर होतं: “दोनदा नाही. तीनदा. तिसऱ्यांदा अंथरुणातून उठून.”