ती माती आम्हाला कधी दिसली?

सहावीतल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या हातात माझ्या पहिल्या रहस्यकथेची शंभर पानं होती आणि शेवटचं प्रकरण नुकतंच वाचून झालं होतं. पंढरपूरजवळच्या एका शाळेत वाचनाच्या तासाला मी रोज एक प्रकरण वाचत असे. गोष्ट साधी. जून महिना, पहिला पाऊस, आणि एका वाड्यातून जुनी पोथी नाहीशी होते. जुन्या वस्तूंचा व्यापारी सांगतो, ‘मी महिनाभर तालुका सोडलेला नाही.’ शेवटी माझा नायक सगळ्यांना अंगणात जमवतो आणि म्हणतो, ‘तुमच्या जीपच्या मडगार्डला कोकणातली तांबडी माती होती. इकडची माती काळी.’

वर्ग गप्प. मग त्या मुलीचा प्रश्न. आणि मागच्या बाकावरून, “सर, आमच्या रस्त्यावरचा मुरूम पण तांबडाच असतो की.”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दोन वर्षांचं काम होतं ते.

मुलांसाठी रहस्यकथा लिहायला बसलेल्या प्रत्येकाला मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण मला ते कोणी सांगितलं नाही. उलट एका ज्येष्ठ लेखकाने मोठ्या मायेने सल्ला दिला होता, ‘शेवटपर्यंत कशाचा पत्ता लागू देऊ नकोस.’ मी तो शब्दशः पाळला. माती मला माहीत होती, नायकाला माहीत होती, वाचकाला मात्र मी ती दाखवलीच नव्हती. याला रहस्य म्हणत नाहीत, ही फसवणूक आहे. मोठा वाचक ती सोडून देतो. अकरा वर्षांचा वाचक गोष्टीत स्वतः तपास करत असतो, म्हणून त्याला ती लागते आणि तो तुमचं दुसरं पुस्तक उघडत नाही.

लपवायचा तो अर्थ. वस्तू उजेडातच ठेवायची.

म्हणजे कसं, ते सविस्तर सांगतो. नव्या खर्ड्यात तिसऱ्याच प्रकरणात नायकाचा मित्र दहा रुपयांसाठी ती जीप धुतो. चिखलाने त्याचा शाळेचा पांढरा शर्ट तांबडा होतो, डाग निघत नाहीत, आई त्याला फैलावर घेते. मुलं हसतात. माती त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते, पण लक्षात राहते आईची बोलणी. पुरावा असा दुसऱ्याच कुठल्यातरी अडचणीच्या पोटात घालायचा. प्रकरणाच्या शेवटच्या ओळीत कधीच नाही, तिथे वाचक कान टवकारून बसलेला असतो.

मुरुमाचं काय? त्या मुलाचं बरोबर होतं. एका खुणेचे दोन अर्थ निघत असतील तर ती एकटी चालत नाही. म्हणून व्यापाऱ्याने पोरांना मूठभर रातांबे, म्हणजे कोकणातल्या कोकमाची ताजी फळं, दिले, ‘बाजारातून आणलेत’ म्हणून. आंबट लागले, पोरांनी तोंडं वाकडी केली, प्रसंग संपला. पुढे चार प्रकरणांनी कोकणातून लग्न होऊन आलेली काकू सहज बोलून जाते की पिकलेला रातांबा फार दिवस टिकत नाही. मग हा माणूस महिनाभर इथेच होता कसा? माती आणि रातांबा, दोन्ही वेगळ्या वाटांनी एकाच गावाला पोचतात. आता मी शेवटचं प्रकरण आधी लिहितो, त्यातली प्रत्येक ‘मला तेव्हाच कळलं’ लाल पेन्सिलीने अधोरेखित करतो आणि ‘तेव्हा’ म्हणजे कुठलं पान ते समासात लिहितो. समास रिकामा राहिला तर ते प्रकरण फाडतो.

घाबरू नका, हे जमतं. हात बसायला वेळ लागतो, एवढंच.

गुरू शोधण्यात मात्र वर्षं घालवू नका. कार्यशाळेचं प्रमाणपत्र घेऊन कोणी रहस्यकथाकार झालेला मी पाहिलेला नाही. पैसे घेऊन पुस्तक छापून देणाऱ्यांकडे तर जाऊच नका. माझे त्यात पैसे गेले, आणि गठ्ठे अजून माळ्यावर आहेत. त्यापेक्षा पाचवी-सहावीचा एक वर्ग गाठा आणि मोठ्याने वाचा. मुलं कुठे चुळबुळ करतात ते टिपा.

शिकायचंच असेल तर भा. रा. भागवतांचं आयुष्य डोळ्यांपुढे ठेवा. १९१० साली इंदूरला जन्म, २००१ मध्ये निधन. १९५१ मध्ये त्यांनी ‘बालमित्र’ मासिक सुरू केलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला, आणि फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत घातला. त्या फास्टर फेणेची वीस पुस्तकं झाली. दूरदर्शनवर मालिका आली, २०१७ मध्ये चित्रपट आला. मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती फुरसुंगी. ते खरं गाव आहे, पुण्याला लागून. पोराला गाव आहे, सायकल आहे, तोंडातून निघणारं ‘ट्टॉक्’ आहे, म्हणून तो खरा वाटतो. त्याची नक्कल करू नका. तुमच्या पोराला तुमचं गाव द्या.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगतो: नोकरी सोडू नका. माझ्या पहिल्या कथेचं मानधन पाचशे रुपये होतं आणि ते आठ महिन्यांनी आलं. सुरुवात मासिकांपासून करा. बालभारतीचा ‘किशोर’ १९७१ पासून निघतो. दिवाळी अंकासाठी गोष्ट पावसाळ्याच्या सुरुवातीलाच तयार हवी, गणपतीत पाठवून उपयोग नाही. बंगालीत सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलुदा १९६५ मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या मासिकातून आला आणि पुढे ‘देश’ या नियतकालिकाच्या दुर्गापूजा अंकांतून वाढला. पुस्तकाआधी मासिक, ही वाट जुनी आणि चांगली आहे.

करार मात्र वाचून सही करा. रहस्यमालिकेत तुमची खरी मिळकत म्हणजे ते पात्र. हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलेलं नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती मुदत पाच वर्षं धरतात. पण ‘कायमचे’ असं लिहून सही केलीत की हा आधार उरत नाही. मालिका, चित्रपट, भाषांतर यांचे हक्क वेगळे मागा. संकोच करू नका.

नवा खर्डा मी त्याच शाळेत वाचला. पाचव्या प्रकरणाला दोन मुलींनी चोर ओळखला आणि माझ्या पोटात गोळा आला. आता पुढची सात प्रकरणं कोण ऐकणार? पण त्या दोघी रोज सगळ्यांत पुढे येऊन बसू लागल्या. शेवटच्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली, रातांब्याचं पान वाचायचं राहिलं होतं, आणि वर्गातलं एकही मूल जागचं उठलं नाही.