फॅक्टर आणि एआरटी, दोन्ही एकाच वहीत

माझ्या धाकट्या भावाला हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर 8 हे प्रथिन त्याच्या रक्तात कमी आहे. लहानपणी चढवलेल्या रक्तातून एचआयव्हीही आला. इंदूरला रामबागेत आमचं घर, आणि त्याला फॅक्टरचं इंजेक्शन मीच लावते. तुमच्या घरी असा पेशंट असेल तर हे वाचा.

“ताई, गुडघा भरतोय” असं तो म्हणाला, म्हणजे सांध्यात रक्त साचतंय, की सूज दिसायची वाट मी बघत नाही. आधी फॅक्टर, मग बर्फ. एचआयव्हीच्या धसक्याने फॅक्टर टाळणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांची भीती मला कळते, आम्हीही त्यात होरपळलोय. पण 1980 च्या दशकाच्या मध्यापासून फॅक्टर तापवून त्यातले विषाणू मारले जाऊ लागले. क्रायो किंवा प्लाझ्मा (रक्तातून वेगळे काढलेले घटक, ते असे तापवलेले नसतात) मात्र फॅक्टर मिळतच नसेल तेव्हाच घ्या.

वजनाच्या दर एका किलोमागे फॅक्टर 8 चं 1 युनिट दिलं की रक्तातली त्याची पातळी साधारण 2 टक्के वाढते. भाऊ 60 किलोचा, म्हणून 40 टक्क्यांसाठी 1200 युनिट. हा हिशेब समजण्यापुरता. डोस डॉक्टरांनी लिहिलेलाच द्यायचा.

फॅक्टरची व्हायल (औषधाची छोटी बाटली) 2 ते 8 अंशांत ठेवा, फ्रीजरमध्ये कधीच नको. लावण्याआधी ती बाहेर काढून ठेवा. पावडर विरघळवायचं पाणी काचेच्या कडेने सोडा आणि बाटली दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवा. जोरात हलवली की फेस येतो. हातमोजे घाला, सुईला टोपण परत लावू नका, जाड डब्यात टाका. सुई टोचलीच तर साबणाने धुवा आणि लगेच एआरटी केंद्र (एचआयव्हीची औषधं मिळतात ते) गाठा. बचावाच्या गोळ्या 72 तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर सुरू व्हायला हव्यात.

शुद्ध फॅक्टरने सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) टिकतो का, याची 1990 च्या दशकात बरीच चर्चा होती. आज सीडी-फोर सांभाळते ती एआरटीची रोजची गोळी, आणि सरकारी केंद्रांत ती 2004 पासून मोफत मिळते. आमचा घोळ इथेच झाला. दात काढल्यावर रक्त बरंच गेलं, म्हणून लोहाची गोळी सुरू झाली. तो ती रात्री उपाशीपोटी डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या गोळीसोबतच घ्यायचा. पुढच्या तपासणीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, वर! लोह आणि कॅल्शियम ते औषध अंगी लागू देत नाहीत. एकतर दोन्ही जेवणासोबत घ्या, नाहीतर एचआयव्हीची गोळी 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर. अँटासिडला जेवणाची सवलत नाही, तिथे अंतर ठेवावंच लागतं.

रिटोनाविर असलेली एचआयव्हीची औषधं सुरू झाली तर रक्तस्राव वाढू शकतो, हे फॅक्टरच्या डॉक्टरांना आधी सांगा. अंगदुखीला पॅरासिटामॉलच, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको. लस बारीक सुईने घ्या आणि 10 मिनिटं दाबून धरा.

दोन्हीकडचे डॉक्टर एकमेकांना भेटत नाहीत, म्हणून आमची वही एकच आहे. डाव्या पानावर ब्लीड (रक्तस्राव), डोस आणि व्हायलचं स्टिकर, उजव्या पानावर गोळ्या, सीडी-फोर, व्हायरल लोड. कोणत्याही ओपीडीत टेबलावर आधी तीच उघडून ठेवायची.