माजी सैनिक संघटनेत नाव घालताय? या चुका टाळा

फौजेतून घरी आलेला माणूस महिन्याभरात गावाचा 'मेजर' होतो, मग तो शिपाई म्हणून उतरलेला असो की सुभेदार. पाठोपाठ कुणीतरी संघटनेचा फॉर्म पुढे करतं, वर्गणी घेतं, ओळखपत्र देतं. आणि मेजर समजतात, झाली आपली नोंदणी! ती झालेली नसते.

संघटना वेगळी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय वेगळं. सरकारी ओळखपत्र, विधवा ओळखपत्र, मुलांच्या शिष्यवृत्तीची शिफारस, घरपट्टी माफीचा दाखला हे सगळं कार्यालयातून मिळतं. संघटनेचं कार्ड घेऊन ग्रामपंचायतीत गेलं, की ग्रामसेवक ते उलटसुलट करून परत देतो. त्यात त्याची चूक नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कार्यालयात नोंदणी, मग संघटना. कार्यालयात जाताना मूळ डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पॅन, बँक पासबुक आणि नवरा-बायकोचा जोडफोटो न्या. डिस्चार्ज बुकच्या सगळ्या पानांची झेरॉक्स काढा. लोक हटकून पहिलंच पान आणतात, आणि कुटुंबाची नोंद असते आतल्या पानावर.

आता सगळ्यात जास्त घरांना छळणारी चूक: बायकोचं नाव. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. माहेरची मंदाकिनी सासरी सुनीता होते. भरतीनंतर लग्न झालं, लग्नाची नोंद करणारी लष्करी पार्ट टू ऑर्डर निघाली, त्यात युनिटमधल्या क्लार्कने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलं. आधार काढताना गावातल्या मुलाने आणखी वेगळं लिहिलं. जन्मतारीख तर विचारूच नका, निम्म्या मराठवाड्याचा जन्म गुरुजींच्या कृपेने 1 जूनचा.

बीडच्या केज तालुक्याकडे सर्रास दिसणारं प्रकरण सांगतो. मेजर अचानक गेले. बाईंच्या आधारवर एक नाव, पीपीओवर दुसरं, बँकेत तिसरं, तेही मागे 'बाई' लावलेलं. कौटुंबिक पेन्शन अडकली, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड अडकलं. संघटनेच्या महिला गटात मात्र सभासदत्व आठवड्यात मिळालं, कारण तिथे कुणी कागद पाहिलेच नव्हते. त्या कार्डाने पेन्शन सुटत नाही. बाईंचा भाऊ घाईघाईने स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आला, सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसने ते परत पाठवलं. तिथे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचं प्रतिज्ञापत्र मागतात, सोबत दोन वर्तमानपत्रांतली जाहिरात, एक इंग्रजी आणि एक मराठी. हे सगळं जिल्हा कार्यालयामार्फत रेकॉर्डला जातं: मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगावला, महार रेजिमेंट असेल तर सागरला, तोफखाना असेल तर नाशिकरोडला. नवरा हयात असताना हे काम त्याच्या एका सहीवर पुढे सरकतं. नंतर बाईला एकटीला चकरा माराव्या लागतात.

उपाय साधा आहे. सगळे कागद चटईवर ओळीने मांडा आणि नावं एकेका इंग्रजी अक्षराने ताडून बघा. जिथे फरक असेल तिथे लाल पेनने झेरॉक्सवर खूण करा, मुळावर नाही. फरक फक्त स्पेलिंगचा असेल तर आधार दुरुस्त करा, ते लवकर होतं. रेकॉर्डलाच चूक असेल तर आजच अर्ज टाका. 'पुढच्या सुट्टीत बघू' म्हणणाऱ्यांचंच काम अडतं.

जिल्ह्याच्या नावावरूनही उगाच घबराट होते. हिंगोली जिल्हा 1999 साली परभणीतून निघाला, लातूर 1982 साली उस्मानाबादेतून. त्याआधी भरती झालेल्याच्या बुकात जुनाच जिल्हा असणार. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, त्याचंही तसंच. ही चूक नाही, बुकात खाडाखोड करू नका. रहिवासाचा पुरावा सोबत जोडला की पुरतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

प्रत्येक सैनिकाची विधवा 'वीर नारी' नसते. तो रकाना युद्धात किंवा लष्करी कारवाईत पती गमावलेल्यांसाठी आहे. फॉर्मवर भावनेच्या भरात टिकमार्क करू नका.

सीआरपीएफ, बीएसएफमधून निवृत्त झालेले सैनिक कार्यालयाच्या व्याख्येत माजी सैनिक नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं कल्याण मंडळ आहे. पुढाऱ्याचं पत्र आणून हे बदलत नाही.

आजोबा हैदराबाद मुक्तिसंग्रामात होते? अभिमानाची गोष्ट. पण स्वातंत्र्यसैनिकाचं काम जिल्हाधिकारी कार्यालयात.

मुलगा संघटनेत सहयोगी सभासद होऊ शकतो, पण त्याला मत आहे का हे संघटनेच्या घटनेत वाचा. आणि ईसीएचएसमध्ये तो पंचवीस वर्षांपर्यंतच, त्याआधी कमावता झाला किंवा लग्न झालं तर तिथेच संपलं. सूनबाईंचं नाव घालायचा हट्ट धरू नका.

पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षालाच भरायचा असतो, 60 टक्के गुण हवेत. दुसऱ्या वर्षी आठवून उपयोग नाही.

कागदांवर पुण्यातल्या पुतण्याचा मोबाइल नंबर देऊ नका. ओटीपी त्याला जातो आणि तो ड्युटीवर असतो.

आता संघटना निवडताना. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, मागच्या वर्षीचा हिशेब आणि वर्गणीची छापील पावती, तिन्ही मागा. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं म्हणजे सभासद झालात असं नाही. 'कॅन्टीन कार्ड आठवड्यात काढून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. मूळ डिस्चार्ज बुक कुणाच्याही हाती देऊ नका, अध्यक्षाच्याही नाही. महिला गटात पत्नीचं नाव घालताना फॉर्मवर तिची सही तिच्याच हाताची घ्या, आणि पीपीओवर आहे तेच नाव, तेच स्पेलिंग लिहा.