काट्याची डीएलएल पायथनमधून वापरताना या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं काट्यावर चढलं की वजन थेट संगणकावरच्या पट्टीत (विक्रीच्या हिशोबाच्या कागदात) यायला हवं. अडत दुकानाचा असा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिताना काट्याशी बोलायला बहुधा सी भाषेत लिहिलेली डीएलएल, म्हणजे तयार फंक्शनांची विंडोज फाइल, मिळते. ती पायथनच्या ‘सीटाइप्स’ मॉड्यूलमधून वापरता येते. पण अशा डीएलएलमध्ये फंक्शनचं नुसतं नाव असतं. ते काय घेतं आणि काय परत देतं हे तिच्यावरून पायथनला कळत नाही. हेडर फाइल (फंक्शनांचं वर्णन असलेली फाइल) उघडून ते आपणच सांगायचं. इथे चुकलं तर प्रोग्रॅम बंद पडेलच असं नाही. चुकीचं वजन मुकाट्याने पट्टीत उतरू शकतं आणि भुर्दंड शेतकऱ्याला बसतो.

डीएलएल लोडच होत नसेल तर आधी एरर क्रमांक बघा. १९३ आला तर बहुतेक वेळा डीएलएल ३२ बिटची आणि पायथन ६४ बिटचं असतं. सेटिंग शोधत बसू नका. ३२ बिटचं पायथन टाका किंवा ६४ बिटची डीएलएल मागवा. फाइल समोर दिसत असूनही ‘सापडत नाही’ म्हणत असेल, तर बहुधा तिला लागणारी दुसरी डीएलएल हरवलेली असते. विंडोजवर पायथन ३.८ पासून अशा फाइल पाथमध्ये (विंडोजच्या फोल्डरांच्या शोधयादीत) शोधल्या जात नाहीत. ‘ओएस’ मॉड्यूलमधल्या ‘अ‍ॅड डीएलएल डिरेक्टरी’ला त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ‘रेसटाइप’, म्हणजे फंक्शन काय परत देतं त्याचा प्रकार, न लिहिणं. तो नसेल तर सीटाइप्स उत्तर ४ बाइटचा पूर्णांक धरतं. काटा उघडणारं फंक्शन ६४ बिटमध्ये ८ बाइटचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देत असेल, तर वरचे ४ बाइट गळून पडतात. पत्ता योगायोगाने छोटा असला तर चालूनही जातं, म्हणून ही चूक चाचणीत निसटते. डबल (८ बाइटचा दशांशी आकडा) परत देणाऱ्या फंक्शनचं याहून वाईट: ५२.४ किलोऐवजी भलताच आकडा येतो, कारण दशांशी उत्तर प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये असतं आणि वाचलं जातं दुसरंच. प्रत्येक फंक्शनला ‘आर्गटाइप्स’ (ते काय घेतं) आणि ‘रेसटाइप’ दोन्ही लिहा.

स्ट्रक्चरचंही, म्हणजे एकत्र बांधलेल्या फील्डच्या गटाचंही, तसंच. १ बाइटचा ‘वजन स्थिर’ फ्लॅग आणि त्यामागे ८ बाइटचं डबल, म्हणजे ९ बाइट वाटतात. पण सी कंपायलर मध्ये ७ बाइट रिकामे सोडून १६ करतो. हेडरमध्ये पॅक १ (मध्ये रिकामी जागा न सोडणं) लिहिलं असेल तरच ९. मग पायथनच्या स्ट्रक्चरमध्येही पॅक १ द्या, फील्डच्या यादीच्या आधी. ‘साइजऑफ’ने आकार ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कॉलबॅक (डीएलएलने उलट बोलवायचं पायथन फंक्शन) दिला असेल तर तो व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, नाहीतर पायथन तो कचरा समजून काढतं आणि भर सौद्यात प्रोग्रॅम कोसळतो. शेतकऱ्याचं नाव विंडोजच्या फंक्शनला देवनागरीत द्यायचं तर शेवटी ‘डब्ल्यू’ असलेलं फंक्शन घ्या. ‘ए’वाल्यात बहुधा प्रश्नचिन्हं उमटतात.

शेवटी २० किलोचं प्रमाणित वजन ठेवून काट्यावरचा आणि स्क्रीनवरचा आकडा जुळवा. मग काट्यावर रिकामं पोतं ठेवून टेअर करा (आकडा शून्यावर आणा) आणि पोतं उचला. काटा उणे दाखवेल. तेव्हा स्क्रीनवर ४२९ कोटींच्या घरातला आकडा दिसला, तर चिन्हासहितचा पूर्णांक तुम्ही बिनचिन्हाचा लिहिलाय.