परदेशातून कॉम्प्युटर आणताय? आधी बिल नीट करून घ्या

‘गिफ्ट म्हणून पाठवायला सांग, कस्टमचा एक रुपया लागत नाही.’ नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला चहा पिता पिता हा सल्ला मला तिघांनी दिला होता. तिघांपैकी एकानेही बाहेरून साधा कीबोर्ड कधी मागवलेला नव्हता. मी ऐकलं आणि अडकलो. त्यानंतर स्वतःसाठी, मित्रांसाठी आणि गंगापूर रोडच्या दोन आर्किटेक्टसाठी मिळून दहाएक वेळा बाहेरून माल आणलाय. आता असला सल्ला कानावर आला की डोकं फिरतं.

1. काय आणायचं ते ठरवा

अख्खा टॉवर आणू नका. कॅबिनेट, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), कूलर हे सगळं नाशकात घ्या, नाहीतर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा. सीमाशुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर बसत नाही, भाडं आणि विमा मिळवून जी रक्कम होते तिच्यावर बसतं. भाड्याचा कागद नसेल तर किमतीच्या 20 टक्के भाडं धरतात. म्हणजे काचेच्या जड कॅबिनेटचं विमानभाडं एकदा भरायचं आणि त्या भाड्यावर पुन्हा कर भरायचा. आणण्यात अर्थ असतो तो ग्राफिक्स कार्डात, इथे न मिळणाऱ्या प्रोसेसर-मदरबोर्डच्या जोडीत, किंवा रॅम-स्क्रीन निवडून बनवून घेतलेल्या लॅपटॉपात.

2. येणारं माणूस शोधा

शुल्क वाचवायचा सरळ आणि कायदेशीर मार्ग हाच. परदेशातून येणाऱ्या 18 वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्कमुक्त आणता येतो, आणि तो सामानाच्या सर्वसाधारण सवलतीत (प्रत्येक प्रवाशाला ठरावीक रकमेपर्यंत शुल्क माफ असतं, तिच्यात) मोजत नाहीत. ही सूट टॉवरला नाही. ‘हापण कॉम्प्युटरच’ हा युक्तिवाद विमानतळावर करून बघू नका. ग्राफिक्स कार्ड मात्र सर्वसाधारण सवलतीत बसवता येतं. 2016 च्या नियमांत ही मर्यादा 50,000 रुपये होती; तिकीट काढलं की चालू आकडा बघून घ्या. नवरा-बायकोची सवलत एकत्र करून एकच महागडं कार्ड आणता येत नाही, नियमात तसं स्पष्ट लिहिलंय. किंमत मर्यादेबाहेर जात असेल तर सीमाशुल्क खात्याच्या ‘अतिथी’ अ‍ॅपवर आधीच जाहीर करा आणि लाल मार्गिकेतून (शुल्क भरायचं असलेल्यांच्या वाटेने) बाहेर या.

दुबईहून आणत असाल तर तिथला 5 टक्के व्हॅट परत मिळतो, पण फक्त पर्यटकाला. तिथे नोकरी करणाऱ्या मेहुण्याला नाही. तो आणायला तयार असतो, बिलही स्वतःच्या नावावर करतो, आणि परतावा बुडतो. फिरायला गेलेल्या माणसालाच त्याच्या पासपोर्टवर घ्यायला लावा.

3. बिल

इथे मी आपटलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

2018 साली अमेरिकेतल्या एका छोट्या विक्रेत्याकडून प्रोसेसर आणि मदरबोर्ड जोडून, तपासून, सोबत ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि कुरिअरने मागवलं. त्याने आपुलकीने विचारलं, किंमत कमी लिहू का? मी म्हटलं, लिही. त्याने लिहिलं: ‘वापरलेले कॉम्प्युटर पार्ट्स, गिफ्ट, 60 डॉलर.’ आत माल 900 डॉलरचा, ग्राफिक्स कार्डच्या डब्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नाही. मुंबईत अधिकाऱ्याने खोका उघडला, मॉडेल नंबर नेटवर टाकला आणि विषय संपला.

त्या एका ओळीत तीन घोडचुका होत्या. पहिली, ‘वापरलेले’. जुने कॉम्प्युटर आणि लॅपटॉप आपल्याकडे परवान्याशिवाय आणता येत नाहीत. म्हणजे स्वस्त दाखवायला जो शब्द घातला त्यानेच शंका वाढली. दुसरी, ‘गिफ्ट’. तेव्हा 5,000 रुपयांपर्यंतच्या भेटीला सूट होती, म्हणून तर 60 डॉलर! डिसेंबर 2019 मध्ये तीही बंद झाली. आता राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर गिफ्टच्या नावाखाली काही सुटत नाही. तिसरी, खोटी किंमत. 1962 च्या सीमाशुल्क कायद्यात कलम 111 खाली माल जप्त होतो, 112 खाली दंड बसतो, आणि जप्त माल सोडवायचा तर 125 खाली आणखी पैसे मोजावे लागतात. मी बँकेच्या कार्डाचं स्टेटमेंट छापून, फाईल काखोटीला मारून दोनदा मुंबईला गेलो. शुल्क, दंड, गोदामाचं भाडं धरून तो माल मला इथल्या दुकानापेक्षा महाग पडला. वर ‘गिफ्ट’वाले तिघं विचारतात, आला का रे?

तेव्हा विक्रेत्याला पैसे देण्याआधी बिलाचा नमुना मागवा. त्यावर प्रत्येक भागाचा मॉडेल नंबर आणि वेगळी किंमत हवी, ‘कॉम्प्युटर पार्ट्स, 1 नग’ चालणार नाही. ‘नवीन’ असं लिहिलेलं हवं. भाडं आणि विमा वेगळ्या ओळीत हवेत. सूट मिळाली असेल तर तीही बिलावर दिसू द्या, नाहीतर नेटवरची पूर्ण किंमत समोर येते आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. तुमचं नाव आधारवर आहे तसंच, बिलाचा आकडा कार्डाच्या स्टेटमेंटशी जुळणारा. सामानातून आणलं तरी हेच बिल छापून येणाऱ्याच्या हातात द्या. फोनमधला स्क्रीनशॉट मी तरी कुणाला दाखवायला सांगत नाही.

आणखी एक. कॉम्प्युटरच्या बहुतेक भागांवर मूळ सीमाशुल्क शून्य आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) 18 टक्के, हे खरं आहे. पण वैयक्तिक वापराचं पार्सल सीमाशुल्काच्या दरपत्रकातल्या 9804 या शीर्षकात टाकलं गेलं तर तिथला दर वेगळा असतो, आणि बजेटमध्ये तो बदलतो. म्हणून कोणत्या शीर्षकात कागद भरणार, हे कुरिअरवाल्यांना मेलवर विचारा आणि उत्तर आल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. सगळा हिशेब करून इथल्या किमतीपेक्षा निदान 15 टक्के वाचत नसतील तर मी मागवतच नाही, कारण वॉरंटी बहुधा त्या देशापुरतीच असते. हिशेबात डॉलरचा दर सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेला धरा, गुगलचा नाही.

4. पार्सल निघाल्यावर

कुरिअरकडून केवायसीची (ओळखीचे कागद द्यायची) लिंक आली की त्याच दिवशी भरा. ‘कस्टममधून बोलतोय, यूपीआय करा’ असा फोन आला तर कट करा.

5. जोडताना

ग्राफिक्स कार्ड हातातल्या बॅगेतूनच आलं पाहिजे, चेक-इनमध्ये नाही. हट्टाने एसएमपीएस बाहेरूनच आणला असेल तर प्लग लावण्याआधी त्याच्या बाजूचं लेबल वाचा. ‘100-240’ असेल तर चिंता नाही. नुसतं ‘115’ असेल, किंवा मागे लाल बटण 115 वर सरकवलेलं असेल, तर आपल्या 230 व्होल्टला तो पहिल्या सेकंदात जातो. आवाज मोठा येतो. अमेरिकन पिनला अडॅप्टर लावत बसू नका, इथली जाड थ्री-पिन केबल घ्या.